शेवटच्या पाच शब्दांतल्या चुका

२०१२ ची दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, त्याच आठवड्यात मी तिसरीच्या वर्गाला दहा शब्दांचं श्रुतलेखन घातलं. सत्तावीस मुलं होती. शेवटच्या तासाला वह्या गोळा केल्या आणि रात्री घरी एक डोळा मिटून तपासायला बसले. डोळा का मिटायचा ते पुढं सांगते. पहिले पाच शब्द बहुतेकांचे बरोबर होते. शेवटचे पाच बहुतेकांचे चुकले होते आणि चुकाही एकसारख्या होत्या. ‘बाग’चं ‘माग’ झालेलं, ‘डबा’चं ‘नमा’. ‘दगड’ कुणी ‘नंगन’ लिहिलेला, कुणी नुसती रेघ मारून जागा सोडलेली.

एकाचं बघून सगळ्यांनी उतरवलं, असं मी धरून चालले. दुसऱ्या दिवशी चुकलेला शब्द दहा-दहा वेळा लिहून आणायला लावला. तेव्हा खिडकीजवळची एक मुलगी उभी राहून म्हणाली, “बाई, तुम्हीच तसं म्हणला हुता.” मी तिला खाली बसवलं. उलट बोलू नये, असंही वर सांगितलं.

तिचं ऐकलं असतं तर पुढचे तीन-चार महिने आणि बरेच पैसे वाचले असते. पण तेव्हा मी साताऱ्यापासून पुण्यापर्यंतच्या डॉक्टरांचं ऐकत होते. आठ वर्षांच्या मुलीचं ऐकावं असं कसं सुचणार?

मी म्हसवडजवळच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तेव्हा माझं वय चौतीस होतं. माझ्या आजाराला नाव मिळायला सव्वा वर्ष लागलं. आता त्याला बारा वर्षं उलटून गेली. या काळात कितीतरी लोक घरी येऊन विचारून गेले, म्हणून एकदा सगळं सलग लिहून काढावं असं वाटलं.

सुरुवात कधी झाली, हा प्रश्न प्रत्येक डॉक्टर विचारायचे. मला तिथी सांगता यायची: मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा, साल २०११. म्हसवडच्या माणसाला त्या दिवसाबद्दल वेगळं सांगायला नको. सिद्धनाथ-जोगेश्वरीचा रथ निघतो, गुलाल-खोबऱ्याची उधळण होते, ‘सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं’नं कान भरून जातात. मी माहेरच्या बायकांबरोबर उभी होते. दुपार कलली होती. रथ जवळ आला आणि मला दोन रथ दिसले. एक खरा, आणि त्याच्या जरा वर, उजव्या अंगाला सरकलेला दुसरा. दुसऱ्या रथालाही तशीच माणसं, तसाच गुलाल. गर्दीनं, उन्हानं, उपाशी पोटानं होत असेल असं वाटलं. तेवढ्यात उजव्या डोळ्यात गुलाल गेला म्हणून मी तो मिटला, तर रथ एकच झाला. डोळा उघडला, परत दोन. मी बराच वेळ डोळा मिटत-उघडत उभी राहिले. शेजारच्या बाईला वाटलं गुलाल चुरचुरतोय, तिनं पदर भिजवून दिला.

सकाळी उठले तेव्हा जिथली वस्तू तिथं होती, एकाची एकच. म्हणून कुणालाच काही बोलले नाही.

या आजाराची ही लबाडी ओळखायला फार वेळ गेला. सकाळी तो नसायचा. सकाळी मी लेकीच्या दोन वेण्या घालून, डबे भरून शाळेत वेळेवर हजर असायचे. दुपारच्या सुट्टीनंतर फळ्यावर लिहिताना हात वर राहायचा नाही. तीन ओळी लिहिल्या की खांदा भरून यायचा. दुखायचा नाही, नुसता खाली यायचा. पाच वाजता फाटकाला कुलूप लावताना किल्ल्या दोन दिसायच्या. रात्री जेवताना अर्धी भाकरी नीट जायची आणि मग जबडा थांबायचा. चावायचंच बंद. बाजरीची भाकरी तर हनुवटीला हाताचा टेकू देऊन चावायची वेळ आली. घरच्यांना दिसू नये म्हणून मी आमटीत भाकरी कुस्करून खायला लागले. विचारलं की म्हणायचे, “मला असंच आवडतं.”

आत्याबाईंना मात्र ते पटलं नव्हतं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, शाळेची पायरी न चढलेल्या. एकदा चुलीपुढं बसल्या-बसल्या त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, “दिस कलला की हिचा डोळा कलतोय बघ.” आजाराचं याहून नेमकं वर्णन मला पुढं वैद्यकाच्या कुठल्याही कागदावर वाचायला मिळालं नाही. पण कुठल्याही दवाखान्यात केसपेपर लिहिताना आत्याबाईंना कुणी विचारलं नाही आणि आम्हीही त्यांना कधी बरोबर नेलं नाही.

म्हसवडहून मोठ्या डॉक्टरकडं जायचं म्हणजे पहाटेची एसटी. गोंदवले, पुसेगाव, कोरेगाव करत साताऱ्याला, किंवा आटपाडीवरून मिरजेला. पुण्याला जायचं तर आदल्या दिवशी जाऊन नातेवाइकांकडं मुक्काम. गाडीत चार तास डोळे मिटून बसायचं, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत बाकड्यावर टेकून बसायचं. म्हणजे आत बोलावणं येईपर्यंत माझी रात्रभराची झोप आणि वर पाच-सहा तासांची विश्रांती झालेली असायची. डॉक्टर म्हणायचे, हात वर करा. मी करायचे. डोळे घट्ट मिटा, दात दाखवा, माझा हात ढकला. मी सगळं करून दाखवायचे. गुडघ्यावर हातोडी मारली की पाय नीट उडायचा. मी काही खोटं सांगत नव्हते, पण माझं अंग मला खोटं पाडत होतं.

पहिले डोळ्यांचे डॉक्टर. त्यांनी चष्म्याचा नंबर बदलला. मग नाक-कान-घशाचे. दुपारनंतर आवाज गेंगाणा होतो, पाणी पिताना कधीकधी नाकातून येतं, असं सांगितल्यावर त्यांनी घसा बघितला, शिक्षकांच्या आवाजावर ताण येतोच म्हणाले आणि बोलणं कमी करायला सांगितलं. मे महिन्याची सुट्टी लागली, मी बोलणं कमी केलं, आणि खरंच बरं वाटलं. दीड महिना मी अगदी ठणठणीत होते. त्या बऱ्या वाटण्यानं आम्हाला जेवढं फसवलं तेवढं दुखण्यानंही नाही. जूनमध्ये शाळा भरली आणि दुसऱ्या आठवड्यात परत तेच.

मग मेंदूचा एमआरआय. अहवाल घेऊन आम्ही दवाखान्याच्या बाहेर चहाच्या गाड्यावर उभे होतो. नवऱ्यानं पाकीट उघडून शेवटची ओळ वाचली आणि त्याचा चेहरा उजळला: “नॉर्मल आहे.” मला रडू आलं. त्याला वाटलं आनंदानं. मेंदूत गाठ नाही हे ऐकून हलकं वाटलं, हे खरंच. पण त्या एका शब्दानं माझ्या संध्याकाळी खोट्या ठरल्या. नॉर्मल अहवाल हातात असलेल्या आजारी माणसाला आपलं दुखणं दरवेळी नव्यानं सिद्ध करावं लागतं. ते करता करता मला स्वतःचीच शंका यायला लागली होती. आपण मनानं तर हे करत नाही ना, असं वाटून मी रात्री आरशासमोर उभी राहायचे आणि पापणी वर उचलून धरायचे. हात काढला की ती परत खाली यायची.

मध्ये एकदा सापडलं असं सगळ्यांना वाटलं. रक्तात बी-१२ फार कमी निघालं. आमचं घर माळकरी, अंडंसुद्धा शिजत नाही. आपल्याकडं ही कमतरता सर्रास असते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तपासलेल्या पुरुषांपैकी दोन तृतीयांश जणांत बी-१२ कमी आढळलं होतं. बी-१२ कमी झालं की नसांवर परिणाम होतो, हेही खरं. इंजेक्शनं झाली, पुढच्या तपासणीत आकडा वर आला आणि माझी पापणी होती तिथंच राहिली. रक्तात एक दोष सापडला म्हणजे तोच कारण, असं नसतं, हे मी तिथं शिकले. मात्र कारण मिळाल्याच्या समाधानात आणखी तीन महिने गेले.

त्यानंतर ‘टेन्शन’. घरी काही त्रास आहे का, शाळेत कुणी बोलतं का, मूल एकच का. २०१२ चं ते साल आमच्या माणदेशात कुणाला टेन्शन नव्हतं? नदी कोरडी, विहिरी कोरड्या, पाणी टँकरचं. म्हसवडला जनावरांची छावणी उभी राहिली होती आणि माझ्या वर्गातली निम्मी मुलं आई-बापांबरोबर छावणीवर राहत होती. तिथूनच शाळेत यायची, अंगाला शेणाचा आणि उसाच्या वाढ्यांचा वास घेऊन. मी म्हटलं, असेल, मलाही टेन्शन असेल. छातीत धडधडतं असं सांगितल्यावर मला एक गोळी सुरू झाली, प्रोप्रॅनोलॉल. धडधड थांबली. पण चार दिवसांत मान सावरेना. पाचव्या दिवशी दुपारी हजेरी घेताना डोकं पुढं कलंडलं आणि मी ते हातानं उचलून धरलं. मुलं हसली. मग एकदम गप्प झाली.

ज्यांनी ती गोळी दिली त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांच्यासमोर सकाळी अकरा वाजता बसलेली बाई त्या गोळीसाठी योग्यच होती. गोळीनं मी खचले हे परत जाऊन त्यांना सांगितलं नाही, ही चूक मात्र माझी. सांगितलं असतं तर कदाचित त्यांच्याच डोक्यात लख्ख उजेड पडला असता. आपण एका दवाखान्यातून उठतो आणि दुसऱ्यात जाऊन बसतो. पहिल्या डॉक्टरला आपला अंदाज चुकला हे कळतच नाही.

एका अमावास्येला मला देवऋष्याकडंही नेलं होतं. मी गेले, अंगारा लावला, लिंबू उतरवून घेतलं. त्याबद्दल मी आजवर बोलले नव्हते, कारण वर्गात अंधश्रद्धेचा धडा मीच शिकवते. पण खरं लिहायचं ठरवलंय. तिथं मला तासभर कुणीतरी सगळं विचारलं. कधी होतं, कशानं वाढतं, रात्री झोप कशी लागते. आत्याबाईंनाही विचारलं. त्या भरभरून बोलल्या. निदान अर्थातच चुकीचं होतं. पण तिथून निघताना मला हलकं वाटलं होतं, हेही खरं.

२०१३ च्या फेब्रुवारीत शाळा सुटताना एका मुलाला विंचू चावला. दप्तर भिंतीच्या कडेला दगडावर ठेवलेलं, उचलताना डंख बसला. पोरगं घामानं भिजलं, उलट्या सुरू झाल्या. मी त्याला उचलून रस्त्यापर्यंत पळाले, एक दुचाकी थांबवली आणि गावातल्या एका डॉक्टरांकडं पोचले. त्यांचा दवाखाना साधा, दोन खोल्यांचा. सर्दी-खोकल्याला आम्ही तिथंच जायचो, पण या दुखण्यासाठी तिथं जावं असं कधी मनात आलं नव्हतं. इतकं मोठं दुखणं, त्याला मोठाच डॉक्टर हवा.

त्यांनी मुलाला झोपवलं, नाडी बघितली, गोळी दिली. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशावर लागू करून दाखवलेलं ते प्राझोसिन. तासाभरात पोराचा श्वास सावरला. मी भिंतीला टेकून स्टुलावर बसले होते. डॉक्टर हात धुऊन वळले, माझ्याकडं बघितलं आणि तसेच थांबले.

“बाई, तुम्हाला काय चावलंय?”

मी म्हटलं, काही नाही. म्हणजे म्हणायचा प्रयत्न केला. शब्द सगळे नाकातून आले.

ते स्टूल ओढून समोर बसले. “मी अशा पापण्या मण्यार चावलेल्या माणसाच्या बघितल्यात. रात्री जमिनीवर झोपलेलं असतं, चावल्याचं कळत नाही, सकाळी डोळे उघडत नाहीत. पण तुम्ही तर पळत आलाय.” मग त्यांनी विचारलं की हे रोज होतं का, कोणत्या वेळेला होतं. मी सांगितलं. “सकाळी?” सकाळी काही नसतं. “झोप झाली की?” बरं वाटतं. ते गप्प बसले. मग म्हणाले, “मण्यार काही रोज संध्याकाळी चावत नाही.”

त्यांनी मला वर छताकडं बघत राहायला सांगितलं, पापणी न लववता. अर्ध्या मिनिटात उजवी पापणी बुबुळाच्या खाली आली. मग ते उठून लसींच्या फ्रीजकडं गेले, त्यातला बर्फाचा पॅक काढला, हातरुमालात गुंडाळला आणि मिटलेल्या उजव्या डोळ्यावर धरायला सांगितला. घड्याळ लावून दोन मिनिटं. डोळ्यातून पाणी वाहत होतं, गाल बधिर झाला होता. बाहेर त्या पोराची आई आली होती, तिचा आवाज ऐकू येत होता. “काढा.” मी पॅक काढला. त्यांनी भिंतीवरचा छोटा आरसा उतरवून माझ्यासमोर धरला.

उजवा डोळा उघडा होता. पूर्ण. डावा अर्धा मिटलेला, आणि उजवा लख्ख उघडा. सव्वा वर्षात संध्याकाळी मी माझा डोळा असा बघितला नव्हता. मिनिटभरानं पापणी हळूहळू पुन्हा उतरली. पण आम्ही दोघांनी ते बघितलं होतं. मी ते मनानं करत नव्हते.

त्यांनी आजाराचं नाव एका कागदावर लिहिलं, पुढं प्रश्नचिन्ह काढलं. म्हणाले, “कॉलेजात वाचलेलं आहे, पेशंट बघितलेला नाही. मी चुकू शकतो.” ती चिठ्ठी त्यांनी पुण्याच्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या नावानं दिली. खाली दोन ओळी होत्या आणि त्यांखाली रेघ ओढलेली: कृपया दुपारी चारनंतर तपासावे, तपासण्याआधी अर्धा तास मोठ्यानं वाचायला लावावे.

पुण्यात तसंच झालं. चेहऱ्याच्या आणि खांद्याच्या नसांना विजेचे बारीक झटके ओळीनं देतात आणि स्नायूचा प्रतिसाद पडद्यावर उमटतो. पहिली रेघ उंच, दुसरी जरा ठेंगणी, तिसरी त्याहून ठेंगणी. उतरत्या पायऱ्यांसारखं दिसत होतं. तंत्रज्ञ मुलगी म्हणाली, “दिसतंय का मॅडम?” मला ते चित्र ओळखीचं वाटलं. माझा रोजचा दिवस तसाच उतरत जायचा. मग रक्त तपासलं आणि नाव पक्कं झालं: मायस्थेनिया ग्रेव्हिस.

डॉक्टरांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. नसेतून आलेला निरोप स्नायूपर्यंत एक रसायन पोचवतं, ॲसिटिलकोलिन. स्नायूवर ते झेलणाऱ्या जागा असतात. माझ्या शरीरातली संरक्षणाची फौज चुकून त्याच जागांवर चालून गेली होती आणि बऱ्याच जागा निकामी झाल्या होत्या. छावणीवरचा टँकर मला आठवला. नळ सोडला की आधी धार जोरात असते, फुटकी बादली लावली तरी पाण्याची सोय होते. धार बारीक झाली की फुटक्या बादलीत काही उरत नाही. तसंच हे. काम करून करून प्रत्येक निरोपामागं सुटणारं रसायन सगळ्यांचंच कमी होतं, पण धड माणसाच्या लक्षातही येत नाही. माझ्याकडं झेलायला जागाच कमी. विश्रांती मिळाली की साठा भरतो. लाखात पंधरा-वीस जणांना हा आजार असतो, असा जगभरचा अंदाज आहे.

पुढं मी यावर जे मिळेल ते वाचलं. थॉमस विलिस या इंग्रज वैद्यानं १६७२ साली एका बाईचं वर्णन करून ठेवलंय. ती सकाळी छान बोलायची, बराच वेळ बोलली की तिला एक शब्दही फुटायचा नाही, आणि तास-दोन तासांनी वाचा परत यायची. साडेतीनशे वर्षांपूर्वीची ती बाई मला फार जवळची वाटते. खात्रीचा उपचार मात्र १९३४ पर्यंत नव्हता. त्या साली ग्रीनिचच्या एका हॉस्पिटलात मेरी वॉकर या डॉक्टरबाईंच्या लक्षात आलं की हे रुग्ण क्युरारे विष भिनलेल्या माणसासारखे दिसतात. मग त्या विषावरचा उतारा देऊन बघायला काय हरकत? त्यांनी फायसोस्टिग्मिन टोचलं आणि रुग्ण काही काळ उठून बसले. मी रोज घेते ती पायरिडोस्टिग्मिनची गोळी त्याच वाटेनं आलेली.

आणि मण्यार. तैवानमधल्या मण्यारीच्या एका जातीच्या विषात असा घटक सापडला की तो स्नायूवरच्या नेमक्या त्याच जागांना जाऊन चिकटतो. त्याच्या मदतीनं १९७३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी या रुग्णांच्या स्नायूंवरच्या जागा मोजल्या आणि त्या कमी असल्याचं दाखवून दिलं. आमच्या डॉक्टरांना हे माहीत नव्हतं. मी त्यांना जाऊन सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसून राहिले.

पुण्याच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, “आवाज बदलतो म्हणजे नेमकं काय होतं?” मला सांगता आलं नव्हतं. स्वतःचा आवाज स्वतःला आतून नीटच ऐकू येतो. घरी आल्यावर कपाटावरून श्रुतलेखनाच्या त्या वह्यांचा गठ्ठा काढला आणि सकाळच्या डोळ्यांनी ती पानं पुन्हा वाचली. टाळू थकला की हवा नाकातून निसटते. मग ‘ब’चा ‘म’ होतो, ‘द’चा ‘न’. सत्तावीस मुलांनी ऐकलं तेच इमानानं उतरवलं होतं. दहा शब्दांत माझा टाळू कुठल्या शब्दाला थकला, तेसुद्धा त्या वह्यांत होतं. मी त्यावर लाल पेनानं फुल्या मारल्या होत्या. पुढच्या खेपेला आठ-दहा वह्या पुण्याला नेल्या. डॉक्टर एकेक पान उलटत राहिले आणि बाहेरचे पेशंट थांबले. वर्गात मी मुलांची माफी मागितली. त्यांना ते फारसं कळलं नाही. खिडकीजवळची ती मुलगी मात्र हसली.

निदान झालं म्हणजे सुटलो असं वाटलं होतं. तसं नसतं. गोळी चार तास साथ देते, पोटात मुरडा आणते. स्टेरॉइडनं चेहरा इतका सुजला की बाजारात लोक ओळखेनात. २०१३ च्या दिवाळीच्या सुट्टीत छातीचं हाड कापून थायमस ग्रंथी काढली. या आजारात त्यानं फायदा होतो असा अनुभव आहे, पण पक्का पुरावा अजून नाही, असं सर्जननी स्पष्ट सांगितलं होतं. तो पुरावा मोठ्या चाचणीतून २०१६ साली आला. मला गुण यायला दोन वर्षं गेली. वैद्यकीय प्रतिपूर्तीच्या बिलांचे हेलपाटे वेगळेच, त्याबद्दल लिहीत नाही.

२०१४ च्या श्रावणात मी बाहेरगावी होते. ताप आला, लघवीचा संसर्ग. तिथल्या दवाखान्यात मी आजाराचं नाव सांगितलं, पण त्या घाईत ते कागदावर आलंच नाही आणि जेंटामायसिनची इंजेक्शनं सुरू झाली. आमच्यासारख्यांना ते चालत नाही. दुसऱ्या रात्री श्वास पुरेना. नऊ दिवस अतिदक्षता विभाग, त्यातले सहा व्हेंटिलेटरवर, प्लाझ्मा पाच वेळा बदलला. शुद्धीवर होते पण बोलता येत नव्हतं, म्हणून नवऱ्याच्या तळहातावर बोटानं अक्षरं काढायचे. तेव्हापासून पर्समध्ये एक कार्ड असतं: नाव, आजार, कोणती औषधं द्यायची नाहीत. त्यांत प्रोप्रॅनोलॉलही आहे. आणि रात्री झोपताना एका दमात आकडे मोजते. पन्नासपर्यंत पोचले की झोपते. पस्तिसाच्या आत अडकले तर सकाळी फोन. विसाच्या आत अडकले तर सकाळची वाट बघायची नाही.

लोक येतात ते दिघंचीहून, पिलीवहून, आटपाडीच्या बाजूनं. फायली घेऊन येतात. मी डॉक्टर नाही, हे दारातच सांगते. फाइल मी उघडत नाही, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला काय दिसतं ते विचारते. वही घाला म्हणते. तारीख, वेळ, काय करत होता, किती वेळ टिकलं, एवढंच, आपल्या शब्दांत. आता मोबाइल आहेत, तर त्रास होत असताना दोन मिनिटांचं चित्रण करून ठेवा. एखाद्या गोळीनं बिघडलं तर गोळीचं रिकामं पाकीट जपून ठेवा आणि ज्यांनी दिली त्यांनाच आधी सांगा.

एक बाई आली होती, तळपायात मुंग्या, अंधारात चालताना तोल जायचा. तिला माझाच आजार आहे अशी तिची खात्री झाली होती, कारण तिनं माझी गोष्ट ऐकली होती. निघालं बी-१२. ज्या इंजेक्शनांनी मला काहीच झालं नाही त्यांनी ती चार महिन्यांत अंगणात एकटी फिरायला लागली. तेव्हापासून मी माझी गोष्ट आधी सांगायची बंद केली. आधी त्यांची ऐकते.

आणि एक माणूस आहे, चाळिशीचा, मेंढरं राखणारा. त्याचा डावा पाय मध्येच काढून घेतल्यासारखा होतो. सहा वर्षं झाली. मिरज झालं, पुणे झालं, मुंबई झाली. वही तो माझ्याहून नीट ठेवतो. त्याला लिहिता येत नाही, म्हणून त्याचा मुलगा लिहितो. अजून नाव मिळालेलं नाही. दर दोन-तीन महिन्यांनी तो येतो, ओट्यावर बसतो, आम्ही चहा घेतो. मुलगा वही वाचून दाखवतो आणि मी ऐकते. डॉक्टरांनी त्याला प्रामाणिकपणे सांगितलंय की आज आम्हाला कळत नाही, दर वर्षी दाखवत राहा. “कळत नाही म्हणाले ते बरं झालं,” तो म्हणाला होता. “काही नाही म्हणाले असते तर मी गेलोच नसतो परत.”

आत्याबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. शेवटपर्यंत संध्याकाळी मी घरात आले की त्या आधी माझ्या डोळ्यांकडं बघायच्या, मग बोलायच्या.

शाळेत अजून शिकवते. वर्ग तिसरीचाच मागून घेते. श्रुतलेखन आता दुसऱ्या तासाला असतं, गोळी घेऊन तास झाल्यावर. मागच्या बाकावर दर आठवड्याला एका मुलाला बसवते आणि त्याला काम एकच: बाईंचा ‘ब’ बिघडला की हात वर करायचा. हात वर झाला की मी थांबते, पाणी पिते. मुलं पाच मिनिटं मोकळी बसतात, आणि मग तो शब्द मी पुन्हा सांगते. काल आठव्या शब्दाला हात वर झाला. शब्द होता ‘बादली’.